गोळी, सुरी आणि बिस्मिल्लाह

आमच्या दादीच्या शिवणाच्या डब्यात एक पितळी नळी होती. लांबी तीन इंच, एका टोकाला चिंधीचा बोळा कोंबलेला आणि आत सुया. लहानपणी ती नळी म्हणजे सुयांची डबीच असे आम्ही समजत होतो. पुढे शाळेत इंग्रजी अक्षरे वाचता येऊ लागली तेव्हा तिच्या बुडावर ‘काइनॉक’ हे नाव आणि ४०० हा आकडा कोरलेला दिसला. दादीला विचारले तर ती एवढेच म्हणाली, “तेरे दादा शिकार पे से लाए थे.” आमचे दादा औरंगाबादच्या छावणीतल्या साहेबांबरोबर शिकारीला जात. त्यांची स्वतःची बंदूक नव्हती. साहेबाची दुसरी बंदूक खांद्यावर घेऊन मागे चालणे, आणि जनावर पडले की धावत जाऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरवणे, ही त्यांची दोन कामे. नळी म्हणजे त्या कामाची आमच्या घरात उरलेली एकमेव निशाणी.

ही आठवण आज लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका चर्चेत एका विद्वान गृहस्थांनी हसत हसत म्हटले, “वाघ संपवले ते तुमच्या नवाबांनीच ना?” सभागृहात हशा झाला आणि आम्हीही कसनुसे हसलो. घरी येऊन मात्र वाटले, या प्रश्नाचे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ‘नाही’ म्हणणे खोटे ठरेल आणि ‘होय’ म्हणणे अर्धसत्य. पूर्ण उत्तर द्यायचे तर बंदुकीचा, काडतुसाचा, धर्मशास्त्राचा आणि आमच्या दादांसारख्या बिनबंदुकीच्या माणसांचा इतिहास एकत्र मांडावा लागेल. तोच येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

खांबावरचे नाव

आमच्या जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध शिकार म्हणजे हातून निसटलेली शिकार. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेच्या २८ व्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागे अजिंठ्याच्या डोंगरात फिरत होता. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, समोरच्या कड्यात, झाडीने झाकलेली एक कमान त्याला दिसली. ती आजची दहाव्या क्रमांकाची लेणी. आत जाऊन त्याने एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा थर साचलेला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. आज थर काढल्यामुळे ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले दिसते.

आता यातील एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या नदीचे नावच वाघूर, तिच्या काठच्या लोकांना वाघही ठाऊक होता आणि लेणीही ठाऊक होती. परका अधिकारी त्या दऱ्यांत एकटा वाट काढू शकत नाही. त्याच्यापुढे कोणीतरी गुराखी, कोणीतरी माग काढणारा असतोच. पण खांबावर नाव राहिले ते स्मिथचे. शिकारीच्या इतिहासाची रीतच ही आहे.

सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगा, सोयगाव, सिल्लोड, कन्नडचा भाग, आणि घाटाखालचा खानदेश हा भिल्लांचा मुलूख. त्यातील तडवी भिल्ल हे इस्लाम मानणारे. त्यांची नावे मुसलमानी, बोली आपली, आणि जंगलाचे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे. इंग्रजांनी १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचे नेतृत्व जेम्स आउटरॅम या तरुण अधिकाऱ्याकडे होते. आउटरॅम मोठा वाघमाऱ्या म्हणून गाजला, आणि वाघाच्या शिकारीतूनच त्याने भिल्लांचा विश्वास मिळवला असे त्याचे चरित्रकार सांगतात. हे खरे असेल, तर वाघाचा माग भिल्लांनी काढला होता हेही तितकेच खरे आहे. आपण मुस्लिम समाजाचा इतिहास लिहितो तेव्हा नवाब, जहागीरदार, मनसबदार यांच्या दिवाणखान्यातच घुटमळतो. डोंगरातला तडवी मुसलमान आपल्या लिखाणात क्वचितच येतो. शिकारीच्या इतिहासात तर तो सर्वांच्या पुढे चालत होता, पायाने आणि बहुधा अनवाणी.

ठासणीपासून काडतुसापर्यंत

स्मिथ आणि आउटरॅमच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, आणि बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जखमी वाघ अंगावर आला तर दुसऱ्यांदा ठासायला वेळ नाही. म्हणूनच साहेबाच्या मागे भरलेली दुसरी बंदूक घेऊन एक माणूस उभा राहू लागला. आमच्या दादांच्या कामाचा उगम येथे आहे. पुढे दोन बार काढणारी दुनळी आली, पितळी काडतूस आले, तरी तो माणूस तेथेच उभा राहिला. त्याने पळून जायचे नाही, साहेबाने हात मागे केला की बंदूक त्या हातात द्यायची, एवढीच अपेक्षा. त्याच्या हातात भरलेले हत्यार असे, पण ते चालवण्याचा अधिकार नसे.

१८६० नंतर मागून भरायच्या बंदुका आल्या. १८७१ साली ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. शिकाऱ्यांसाठी ‘एक्स्प्रेस’ नावाच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या ४५० आणि ५०० बोअरच्या दुनळ्या निघाल्या. या आकड्यांचा अर्थ साधा आहे. नळीचे तोंड एका इंचाच्या हजार भागांपैकी किती भाग रुंद, ते तो आकडा सांगतो. काळ्या दारूचा मोठा दोष म्हणजे धूर. बार उडाला की समोर पांढरा पडदा, आणि पडद्यापलीकडे वाघ मेला की येतो आहे ते कळायला मार्ग नाही.

१८८९ मध्ये कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूचा शोध लागला आणि शिकारीचे शास्त्रच बदलले. १८९८ साली लंडनच्या रिग्बी कंपनीने ४५० बोअरचे नवे काडतूस काढले, आणि १९०२ मध्ये जेफ्री कंपनीने आमच्या दादीच्या सुया ठेवणारे ते काडतूस बाजारात आणले. ४५० च्या नळीचे तोंड आवळून ते ४०० चे केलेले, म्हणून त्याचे पूर्ण नाव चारशे पन्नास-चारशे. काळ्या दारूच्या काळात याच जातीचे काडतूस सव्वातीन इंच लांब होते. नव्या जोरकस दारूत त्याची लांब मान नळीत अडकू लागली, म्हणून जेफ्रीने ते पाव इंचाने आखूड केले. गोळीचे वजन सुमारे २६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ६५० मीटर. फौजेच्या ३०३ रायफलीची त्या काळातील गोळी १४ ग्रॅमची होती, यावरून फरक कळेल.

हे काडतूस हिंदुस्थानात इतके का रुजले? पहिले कारण हवा. कॉर्डाइट उष्णतेने चेकाळते. इंग्लंडच्या थंडीत नीट चालणारे काडतूस मराठवाड्याच्या मे महिन्यात जादा दाब निर्माण करी, पितळ फुगून नळीत घट्ट बसे, आणि ऐन वेळी रिकामी नळी बाहेर निघत नसे. चारशे पन्नास-चारशेचे पोट मोठे आणि दाब तुलनेने कमी, म्हणून ते उन्हाळ्यात दगा देत नसे. आणि वाघाची शिकार तर उन्हाळ्यातच होत असे, कारण पाणवठे आटले की जनावर कुठे येणार ते ठरलेले.

दुसरे कारण राजकीय आहे आणि आपल्याला अधिक विचार करायला लावणारे आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान या दोन देशांत ४५० बोअरची काडतुसे आणण्यास बंदी केली. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका याच बोअरच्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी सरकारच्या शत्रूंच्या हाती पडल्या होत्या. साहेबाच्या शिकारीच्या काडतुसातील गोळी काढून ती बंडखोर वापरतील ही भीती. मग बंदूक बनवणाऱ्यांनी ४६५, ४७०, ४७५ असे नवे आकडे शोधून काढले. चारशेला मात्र बंदीचा स्पर्शही झाला नाही, आणि ते आणखी लोकप्रिय झाले. म्हणजे आज जगभरचे शौकीन ज्या नामांकित बोअरांचे गोडवे गातात, त्यांतील निम्म्यांचा जन्म आपल्या लोकांच्या भीतीपोटी झाला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याखेरीज हत्यार बाळगता येत नव्हते, गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. जंगलात कोण बंदूक चालवणार आणि कोण ती नुसती वाहणार, याचे उत्तर या कायद्यात होते.

जिम कॉर्बेट यांच्या कथा मराठी वाचकांना अनुवादांतून परिचित आहेत. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर त्यांना २७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. पण जखमी वाघाच्या मागावर जाताना त्यांचा भरवसा होता तो जेफ्रीच्या चारशे पन्नास-चारशे दुनळीवर. आमच्या दादांनी जी बंदूक खांद्यावर वाहिली ती याच घराण्यातील. वजन साडेचार-पाच किलो. दादी सांगायची, शिकारीवरून आल्यावर त्यांचा उजवा खांदा चार दिवस सुजलेला असे, आणि त्यांनी एकही गोळी झाडलेली नसे.

सुरीचा प्रश्न

आता दादांच्या दुसऱ्या कामाकडे येऊ. वाघाच्या शिकारीत सुरीचे काम नव्हते. पण छावणीच्या मुक्कामावर रोज पन्नास-शंभर माणसे जेवत. हाकेवाले, गाडीवान, खानसामे, माहूत. त्यांच्यासाठी चितळ, सांबर, काळवीट, रोही मारली जात. यातील मुसलमान माणसे जनावर हलाल झाल्याशिवाय मांसाला हात लावत नसत. म्हणून बार झाला की एक माणूस जिवाच्या आकांताने धावे. जनावरात जीव असताना ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणून सुरी फिरली तर शंभर माणसांची हंडी चढणार, नाही तर रात्री डाळ.

साहेबांना ही धावाधाव आवडत नसे. गळा कापला की भिंतीवर लावायच्या मुंडक्याची कातडी बिघडे. म्हणून कित्येक जण बजावून सांगत की सुरी फिरवायची तर मानेच्या अगदी खाली, छातीजवळ फिरवा. एकाला शिंगे हवीत आणि दुसऱ्याला हलाल जेवण हवे. या ओढाताणीत त्या काळाचे सारे चित्र आहे असे आम्हाला वाटते.

पण मुळात प्रश्न असा पडतो, की गोळी झाडतानाच बिस्मिल्लाह म्हटले तर पुरे का होऊ नये? बाणाने मारलेली शिकार तर हलाल आहे. पवित्र कुरआनच्या सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी धरून आणलेल्या शिकारीला अल्लाहचे नाव घेऊन खाण्याची परवानगी आहे. त्याच सूरहमध्ये आघाताने मेलेले जनावर हराम ठरवले आहे. हजरत अदी बिन हातिम यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना जाड दांड्याच्या, बिनपिसांच्या बाणाविषयी विचारले तेव्हा मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की टोकाने भेदले तर खा, आडवे लागून आघाताने मेले तर खाऊ नका. हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आता बंदुकीची गोळी भेदते की आदळते? या प्रश्नावर मोठमोठ्या उलमांत मतभेद झाले. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांचे म्हणणे असे, की शिशाच्या गोळीला धार नाही. ती जोराने, वजनाने आणि दाहाने मारते, म्हणून अशी शिकार जबह केल्याखेरीज हलाल नाही. त्यांचे समकालीन, यमनचे इमाम शौकानी यांचे मत उलट होते. गोळी शरीर भेदून आत शिरते, म्हणून ती बाणासारखीच मानावी. शौकानी १८३४ मध्ये आणि इब्न आबिदीन १८३६ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. म्हणजे दोघेही गोल शिशाच्या गोळीच्या काळातले. पुढे टोकदार गोळ्या आल्या तेव्हा हा वाद पुन्हा निघाला आणि काही उलमांनी टोकदार गोळीला बाणाच्या पात्याचे स्थान दिले. आपल्याकडे हनफी मत प्रभावी असल्याने दख्खनमध्ये सुरी सुटली नाही. चारशे पन्नास-चारशेची जनावरांसाठी वापरायची गोळी तर बोथट, मऊ तोंडाची. तिच्याबाबतीत धारेचा दावा करणेही कठीण.

या मऊ तोंडाच्या गोळीचाही एक इतिहास आहे. शरीरात शिरताच फुलून रुंद होणारी गोळी १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या दमदम येथील सरकारी कारखान्यात तयार झाली, आणि त्या गावाचे नाव जगभर गेले. १८९९ च्या हेग परिषदेत माणसांच्या युद्धात अशी गोळी वापरू नये असे ठरले. शिकारीत मात्र तीच योग्य मानली गेली, कारण जनावर लवकर मरते आणि जखमी होऊन रेंगाळत नाही. हा युक्तिवाद खोटा नाही. इस्लाममध्येही जबह करताना सुरी धारदार ठेवा, जनावराला यातना देऊ नका असा सक्त आदेश आहे. तरीही माणसासाठी निषिद्ध ठरलेली वस्तू जनावरासाठी दयेची ठरते, हे वाचताना मन थबकते खरे.

ज्याचे मांस खायचे नाही ते का मारायचे?

येथवर आम्ही आपल्या बाजूने बोललो. आता आपल्या विरुद्धही बोलले पाहिजे.

सुळे असणारे हिंस्र श्वापद खाणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे. म्हणजे वाघ, बिबट्या यांची शिकार पोटासाठी कधीच नव्हती. ढोरे मारणारा किंवा माणूस मारणारा वाघ असेल तर गोष्ट वेगळी, तेथे संरक्षणाचा हक्क आहे. पण रेडकू बांधून, चारशे माणसांचा हाका लावून, मचाणावर बसून मारलेला वाघ कोणत्या गरजेत बसतो? विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहकडे तक्रार करील, अशा आशयाची हदीस नसाई यांच्या संग्रहात आहे. हिंस्र श्वापदांची कातडी बसायला वापरण्यास मनाई करणाऱ्या हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहेत. आणि आपल्या देवड्यांमध्ये, हवेल्यांमध्ये काय होते? वाघाचे कातडे, त्यावर तक्क्या, आणि तक्क्याला टेकून बसलेले बुजुर्ग. काळविटाच्या मानेवर सुरी फिरली की नाही याची काटेकोर चौकशी करणारे आपण, त्या कातड्याविषयी मात्र गप्प राहिलो.

बादशहा जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेबच दिला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या उपस्थितीत २८,५३२ जनावरे मारली गेली, त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वतः मारली. याच जहांगीरने पन्नाशीनंतर बंदुकीने शिकार करणार नाही असा संकल्प सोडला होता. लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा तो संकल्प आठवून त्याने बंदूक खाली ठेवली, आणि पुढे शहजादा खुर्रमच्या बंडाच्या काळात ती पुन्हा उचलली. नातवाच्या जिवासाठी मुक्या जनावरांचा जीव सोडावा असे ज्याला वाटले, त्याला आपण काय करीत आलो हे कळत होते. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची ख्यातीही वाघाच्या शिकारीसाठी होती. १९०२ साली लॉर्ड कर्झन वरंगलच्या बाजूला शिकारीला आले तेव्हा राजा दीनदयाळ यांनी काढलेली छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. मेलेला वाघ पुढे, साहेब आणि मेमसाहेब मागे. हाकेवाल्यांची नावे खाली नाहीत.

म्हणजे त्या विद्वान गृहस्थांचे म्हणणे खरेच? एका मर्यादेपर्यंत, होय. पण हिशेब पुरा करू. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले, आणि ते सरकारी बक्षिसाच्या नोंदींतून दिसतात. वाघ हे उपद्रवी जनावर, ते संपवले म्हणजे शेती वाढेल आणि महसूल वाढेल, हे इंग्रज सरकारचे धोरण होते. सरगुजाच्या महाराजांनी एकट्याने अकराशेहून अधिक वाघ मारल्याचे स्वतः सांगितले. स्वातंत्र्यानंतर शिकार कंपन्या निघाल्या आणि डॉलर मोजणाऱ्या परदेशी पाहुण्यांना वाघ विकले गेले. जंगल तोडून शेते झाली, धरणे झाली, रस्ते झाले. या यादीत नवाब आहेत, महाराजे आहेत, साहेब आहेत, व्यापारी आहेत, आणि नांगर घेतलेला गरीब माणूसही आहे. बंदुकीच्या चापावरच्या बोटाला एकच धर्म नव्हता. आपल्या वाट्याचा दोष आपण नाकारू नये, आणि इतरांच्या वाट्याचा दोष आपल्या अंगावर घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चिमणीपासून दुसरी वाट

या इतिहासातून बाहेर पडण्याची वाटही एका मुसलमान घरातूनच निघाली, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. मुंबईच्या खेतवाडीत मामाच्या घरी वाढणारा दहा-बारा वर्षांचा एक पोरका मुलगा छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारीत असे. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ती मुसलमानाने खावी की नाही? मुलगा ती घेऊन मामाकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य. त्यांनी त्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले, आणि तेथे कपाटांतून मांडलेले शेकडो पक्षी पाहून मुलाचे आयुष्य बदलले. हे सलीम अली. १९८५ साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच ती पडलेली चिमणी आहे.

त्यांच्या आयुष्याची सुरुवात हलाल-हरामच्या प्रश्नाने झाली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. खाण्यापूर्वी थांबून विचारणे, हे काय आहे आणि मला याचा अधिकार आहे का, ही सवय त्या मुलाला घरातून मिळाली होती. दादांच्या सुरीमागेही तीच सवय होती. फरक इतकाच, की सलीम अलींनी तो प्रश्न पुढे नेला. १९२७-२८ मध्ये त्यांनी मुघल बादशहांवर निसर्ग अभ्यासक आणि शिकारी म्हणून दीर्घ लेख लिहिला. १९३१-३२ मध्ये निजाम सरकारच्या साह्याने हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी औरंगाबाद याच संस्थानाचा भाग होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे नमुन्यांसाठी त्यांनीही पक्षी मारले. पण त्या नमुन्यांतून जी पुस्तके झाली, त्यांनी मारणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांची पिढी घडवली.

नळी आणि वाघ

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. निजामी राजवट संपली आणि घराघरांतील हत्यारे जमा झाली. जहागीरदारांच्या दुनळ्या गेल्या, त्याबरोबर बरेच काही गेले. त्या दिवसांच्या कडू आठवणी मराठवाड्यातील दोन्ही समाजांजवळ आहेत. आमच्या घरात जमा करण्यासारखे काही नव्हते. पितळी नळी होती, तिच्यात सुया होत्या, आणि दादी त्या सुयांनी लोकांचे कपडे शिवत होती.

१९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीला बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ उरले होते. इंग्लंडमध्येही तोपर्यंत जुन्या दुनळ्यांची काडतुसे तयार करणे काइनॉकने थांबवले होते. चारशे पन्नास-चारशे संग्रहातील वस्तू झाली. अलीकडे परदेशात ती पुन्हा तयार होऊ लागली आहे, पण आपल्या जंगलात तिला आता काम नाही, आणि नसावे.

२०२२ च्या गणनेत देशातील वाघांचा अंदाज ३,६८२ वर गेला, महाराष्ट्रात ४४४. आणि आमच्या जिल्ह्याची बातमी सांगायची तर मार्च २०२१ मध्ये कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यातील कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेते, नाले, रस्ते ओलांडत तो आला होता. कित्येक दशकांनंतर आमच्या डोंगरात वाघाचे पाऊल उमटले. बातमी वाचली त्या दिवशी आम्ही दादीचा डबा काढला. दादी आता नाही, शिवणाचे यंत्र गंजले आहे, पण नळी आहे आणि तिच्यात दोन सुयाही आहेत.

औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. छावणी अजून आहे, साहेब गेले. गौताळ्याच्या वाघाला गावाचे नाव काय हे ठाऊक नाही, आणि त्याच्या पूर्वजांना कोणी मारले हेही ठाऊक नाही. आपल्याला मात्र ठाऊक असले पाहिजे. त्याच्या वाटेवरच्या वाड्यांत आजही तडवी कुटुंबे राहतात. माग काढण्याची जाण अजून त्यांच्यातील कित्येक म्हाताऱ्यांजवळ आहे. वाघाला राखायचे असेल तर वनखात्याने या माणसांना हाताशी धरावे, त्यांना पगार द्यावा आणि त्यांची नावे कागदावर लिहावीत. दोनशे वर्षांपूर्वी खांबावर एकाचेच नाव कोरले गेले. या वेळी तरी ती चूक होऊ नये.

आमचा नातू परवा नळी हातात घेऊन विचारीत होता, “दादा, यह बंदूक की है?” आम्ही त्याला सांगितले, होय बेटा, बंदुकीची आहे. पण तुझ्या खापरपणज्याने ती चालवली नव्हती. त्याने ती फक्त वाहिली होती, आणि सुरी फिरवण्याआधी अल्लाहचे नाव घेतले होते.